आधी मीठ काढायचं, मग मीठ घालायचं

दर रविवारी सकाळी एक तरी माणूस कापडी पिशवी घेऊन आमच्या दुकानात शिरतो आणि विचारतो, "बांगडा आलाय काय वो?" बाहेर पाटीवर रंगीत मासे काढलेत, काचेच्या टाक्या मिळतील असं लिहिलंय, आत भिंतभर टाक्यांतून मासे फिरताहेत, तरी विचारतोच. सुरुवातीची वर्षं मी चिडायची. आता म्हणते, "बांगडा न्हाय, गोल्डफिश हाय. कालवण पाणचट होतंय, चालंल काय?" असाच एक पिशवीवाला पुढं माझं पक्कं गिऱ्हाईक झाला. बांगडा आणायला गेलेला माणूस काचेचा गोल बाऊल घेऊन घरी परतला, तेव्हा बायकोनं त्याला काय जेवायला वाढलं हे त्यानं मला अजून सांगितलेलं नाही.

खरं सांगायचं तर मासा पाळायचा असतो हे मलाही लग्नापर्यंत माहीत नव्हतं. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, भातशेतीचं घर. आमच्याकडं मासा म्हणजे चढणीचा, ओढ्यातून वर येणारा आणि आईच्या तव्यावर उतरणारा. लग्न होऊन बेळगावात खासबागेत आले तर सासरी यंत्रमाग. पुढं माग बंद पडले, मागाची खोली रिकामी झाली, आणि आमच्या ह्यांनी हौसेनं तिथं एक टाकी आणून ठेवली. हौस त्यांची महिन्यात फिटली. माशांना खायला घालायचं काम माझ्याकडं आलं, आणि तिथून दुकान उभं राहिलं. मागाच्या खडखडाटाच्या जागी आता हवेच्या पंपांची बुडबुड असते. आमचे हे म्हणतात, त्या खडखडाटात झोप चांगली लागायची.

आमचा धंदा बाहेरून माशांचा दिसतो, पण आहे पाण्याचा. मासा आपला आपण जगतो, त्याला फक्त पाणी बरं लागतं. गोड्या पाण्यातल्या माशांचं सोपं आहे. नळाचं पाणी घ्यायचं, दिवसभर उघडं ठेवायचं किंवा औषधाचे दोन थेंब टाकायचे, ब्लिचिंगचा वास गेला की टाकीत ओतायचं. समुद्राची टाकी म्हणजे मात्र वेगळंच प्रकरण. त्यात खाऱ्या पाण्यातले मासे असतात, शंख असतात, आणि प्रवाळ असतात. प्रवाळ म्हटलं की लोकांना अंगठीतलं पोवळं आठवतं. हे तसं नव्हे. हा जिवंत जीव असतो. दगडाला चिकटून बसतो, उजेडात फुलासारखा उमलतो, आणि रुसला की मुठीसारखा मिटतो. कठीण सांगाड्याच्या प्रवाळांना कायद्यानं हात लावायचा नसतो, ते आम्ही ठेवत नाही. मऊ जातीचे असतात, ते माणसांनी टाकीत वाढवलेले मिळतात. पण मऊ झाले तरी रुसायचे ते रुसतातच.

समुद्राच्या टाकीला पाणी लागतं खारं. मग लोक विचारतात, गोवा काय लांब आहे? लोंढ्याच्या एका रेल्वेवाल्यानं हे करून बघितलं. ड्यूटीवरून येताना किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी दोन मोठ्या कॅनमध्ये भरून गाडीत ठेवलं. गोव्याकडून येणारे भरलेले कॅन बघून पोलिसाला वाटायचं तेच वाटलं. "काय हाय ह्यात?" म्हणून विचारलं. हा म्हणाला, "समुद्राचं पाणी." इतकं वाईट खोटं पोलिसानं नोकरीत ऐकलं नव्हतं. त्यानं झाकण काढलं, ओंजळ भरली आणि चांगला मोठा घोट घेतला. पुढचं त्या रेल्वेवाल्यानं मला हसून हसून सांगितलं. एवढं करून ते पाणी निघालं बंदराजवळचं, वर डिझेलचा तवंग. ते टाकीत घालायच्या लायकीचं नव्हतंच.

म्हणून आम्ही समुद्र घरीच बनवतो. बाजारात त्यासाठी खास मीठ मिळतं, ते पाण्यात विरघळवायचं. आता ते पाणी कुठलं घ्यायचं, नळाचं की मशीननं शुद्ध केलेलं, ह्या एका प्रश्नावरून एका घरात जे रामायण झालं, ते मला सांगायचंय.

टिळकवाडीतले हेरेकर वकील म्हणजे शहरातलं जुनं घराणं. वकिली थांबवली होती, बोलणं नव्हतं थांबवलं. घरात ते, त्यांच्या बायको मंदाकाकू, मुलगा निखिल आणि नवी सून पूर्वा. निखिल पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करायचा. कानात यंत्र घालून दिवसभर कुणाशी तरी इंग्रजीत बोलायचा, त्यामुळं तो घरात आहे एवढंच म्हणता यायचं. पूर्वा निपाणीची. तिचे वडील शिंत्रे आप्पा तंबाखूचे व्यापारी, आवाज असा की फोन न लावताही निपाणीहून ऐकू यावा. पूर्वा मात्र अगदी कमी बोलायची. लग्नानंतर ती दोघं अंदमानला जाऊन आली, तिथं तिनं पाण्याखाली डोकं घालून प्रवाळ बघितले आणि पोरगी त्यांच्या प्रेमातच पडली. आप्पांना कळल्यावर त्यांनी थेट मला फोन केला.

"आक्का, आमच्या लेकीला समुद्र पाहिजे. देतासा काय करून?"

मी म्हटलं, "देते की. बसवायचा कुठं?"

"वकीलसाहेबांच्या हॉलात. त्यांस्नी इच्चारू नका. गिफ्ट हाय."

मी अर्थात विचारलं. वकीलसाहेबांनी टाकीला ना नाही म्हटलं, व्याह्यांची भेट होती. त्यांचं घोडं पाण्यापाशी अडलं. मी स्वयंपाकघरामागं शुद्ध पाण्याचं मशीन बसवायचं म्हटल्यावर ते खुर्ची ओढून समोर बसले.

"म्हणजे सुनंदाबाई, ह्या मशीनमधून पाण्यातले क्षार निघणार?"

"व्हय. सगळेच निघणार."

"आणि मग त्या पाण्यात तुम्ही मीठ घालणार."

"व्हय."

"आधी मीठ काढायचं, मग मीठ घालायचं." ते आत वळून ओरडले, "अगं मंदा, बाहेर ये, ऐक हे!"

मंदाकाकू हात पुसत बाहेर आल्या. त्यांच्यासमोर मला सगळं पुन्हा सांगावं लागलं. मी म्हटलं, "काकू, आमटी उकळत ठेवली की आटते, पण मीठ आटतंय काय?"

"नाही. उलट खारट होते."

"तसंच टाकीतलं पाणी रोज वाफ होऊन उडतं, मीठ मागं राहतं. म्हणून रोज वरून साधं पाणी घालायचं, खारं नव्हे. आता ते साधं पाणी नळाचं किंवा विहिरीचं असलं तर त्यातलं जे काय असेल ते पण मागं राहणार. तुमच्या बंबात आतून पांढरा थर बसतो तसा. शेवाळाला त्यातलंच खाद्य मिळतं. प्रवाळांना तर त्यातलं कणभर सोसत नाही."

काकूंना पटलं. वकील म्हणाले, "आमच्या विहिरीचं पाणी चार पिढ्या प्यायल्या. माझे आजोबा नव्वदीत जिना चढायचे."

"साहेब, आजोबा माणूस होते."

"त्यात तुम्हाला काही शंका होती?"

पूर्वा कोपऱ्यात उभी राहून ओढणीत तोंड लपवून हसत होती. त्या घरात मी तिला हसताना बघितलं ते पहिल्यांदाच.

मशीन बसलं. त्याची एक खोड आहे, ती मी लपवत नाही. एक बादली शुद्ध पाणी देताना ते दोन-तीन बादल्या पाणी बाहेर टाकतं. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, कधी चार दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. तेव्हा ते मोरीत जाणारं पाणी बघून वकिलांचा जीव खालीवर व्हायचा. मंदाकाकूंनी ते फरशी पुसायला आणि बागेला वापरून प्रश्न सोडवला, तरी वकील येणाऱ्या-जाणाऱ्याला मशीनपाशी नेऊन दाखवायचे. "हे बघा. माशासाठी पाणी गाळतोय आम्ही. माणसं प्यायला विहिरीवर."

दुसऱ्या बाजूला शिंत्रे आप्पा. त्यांना बेळगावचं पाणीच चालायचं नाही. "जड पडतंय मला," म्हणायचे. निपाणीहून लेकीला भेटायला आले की गाडीत स्वतःच्या बोअरच्या पाण्याचा कॅन असायचा. व्याह्यांच्या घरी चहा प्यायचा तोसुद्धा त्या पाण्याचा. वकिलांना हे लागायचं, पण बोलणार काय? ते फक्त विचारायचे, "काय आप्पासाहेब, आज कुठलं पाणी प्यालात?" आणि आप्पा म्हणायचे, "घरचं!"

टाकी मात्र पहिले काही महिने अशी सजली की बघत राहावं. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउन माशांची जोडी, काच साफ करणारे शंख, काचेसारखी पारदर्शक कोळंबी, आणि छत्रीसारखा पसरणारा प्रवाळ. मंदाकाकू मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "सुनंदा, हे घरात ठेवलं म्हणजे मंगळाला वेगळं पोवळं घालायला नको ना?" मी म्हटलं, "काकू, मंगळाचं मला ठाऊक न्हाय, पण घर छान दिसतंय." पूर्वा सकाळ-संध्याकाळ टाकीसमोर बसायची. आपल्या माहेरच्या माणसांशी बोलावं तशी माशांशी बोलायची.

मग टाकी बिघडायला लागली. आधी वाळूवर तपकिरी थर आला. मग दगडांवर हिरवं शेवाळ, केसांसारखं लांब. त्यानंतर शंख उलटे पडायला लागले. कोळंबी दिसेनाशी झाली. शेवटी तो छत्रीसारखा प्रवाळ मिटला, तो उघडेचना. पूर्वाचा फोन आला की मी जायची, शेवाळ काढायची, दिवा कमी वेळ लावायला सांगायची, खाणं कमी करायला लावायची. दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. मशीन तपासलं, तर त्यातून येणारं पाणी अगदी स्वच्छ, क्षार मोजायच्या मीटरवर शून्य. माझी मती गुंग झाली. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतानासुद्धा डोक्यात तीच टाकी.

वकिलांना मात्र कारण सापडलं होतं. "मेलेलं पाणी आहे ते! पाण्यातला सगळा कस काढून घेता तुम्ही. त्यात जीव कसा जगेल?" आणि एक दिवस गंभीर होऊन म्हणाले, "सुनंदाबाई, राग मानू नका, पण मला ग्राहक मंचात जावं लागेल."

मी घरी येऊन हे आमच्या ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तिथं मासे साक्षीला येणार काय?" मला हसू आलं नाही. इतकी वर्षं धंदा केला, माझ्या हातची टाकी अशी डोळ्यादेखत कधी गेली नव्हती.

पण खरी काळजी दुसरीच होती. पूर्वानं मला फोनवर सांगितलं, "ताई, मला वाटतंय ह्या घरात टाकी कुणालाच नको आहे. बाबांना मशीन नको, आईंना हॉलातली अडचण नको. काढून टाकूया सगळं. मी थोडे दिवस निपाणीला जाते." टाकीचं बोलत होती, पण आवाज टाकीचा नव्हता. मी म्हटलं, "उद्या मी येतेय. तोवर काय करू नको."

दुसऱ्या दिवशी गेले तर दारात आप्पांची गाडी. हॉलमध्ये पूर्वाची बॅग भरून ठेवलेली. आप्पा टाकीसमोर कमरेवर हात ठेवून उभे होते, वकील खुर्चीत होते, मंदाकाकू दारात. निखिल पहिल्यांदाच कानातलं यंत्र काढून उभा होता.

"वकीलसाहेब," आप्पा म्हणाले, "लेकीला हौसेनं दिल्यालं हे. काय दशा झाली बघा."

"मला काय दाखवता? ह्या बाईंना विचारा. मशीनच्या पाण्यानं मेलंय सगळं."

"मशीनचं न्हाय. बेळगावचं पाणीच तसलं."

"आमच्या पाण्याला नावं ठेवू नका आप्पासाहेब!"

दोन व्याही टाकीपाशी असे भिडले की मला मधे घुसून काम सुरू करावं लागलं. शुद्ध पाण्याचा मोठा कॅन टाकीशेजारी असतो, पूर्वा त्यातून रोज पाणी घालणार असं ठरलं होतं. तो बाजूला सरकवायला गेले तर हलेना. गच्च भरलेला. मी झाकण उघडून बघितलं.

"पूर्वा, कॅन कधी भरलास?"

"तुम्ही मागच्या खेपेला आलाता ना, तेव्हा."

"त्यातलं वापरलं न्हाईस?"

"लागलंच नाही ताई. पाणी कमीच होत नाही. रोज बघते मी, काचेवरच्या रेघेच्या खाली जातच नाही. मला वाटलं बेळगावची हवा थंड."

मी टाकीकडं बघितलं. भर उन्हाळा, वर पंखा गरगर फिरतोय, दोरीवरचा टॉवेल तासाभरात वाळतोय, आणि ह्या टाकीतलं पाणी म्हणे उडत नाही. वर काठाशी तर रेघेच्याही दोन बोटं जास्तच. खारेपणा मोजला, तोही उतरलेला. मी उभी राहिले.

"ह्या टाकीत कोणतरी पाणी घालायलंय."

सगळ्यांनी टाकीकडं बघितलं.

पूर्वानं हळूच मान वर केली. "बाबा, तुम्ही?"

वकिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "प्रश्न मोघम आहे," म्हणाले.

"अहो, सरळ सांगा की," काकू म्हणाल्या.

"सकाळी फिरून आल्यावर, एक तांब्या. फक्त एक. आपल्या विहिरीचा." मग त्यांचा आवाज थोडा चढला. "मला सिद्ध करायचं होतं! मशीनच्या पाण्यावर हे जीव कोमेजणार, माझ्या तांब्यावर जगणार, आणि मग मी सगळ्यांसमोर सांगणार, की बघा!"

आप्पांना उकळ्या फुटल्या. त्यांनी मांडीवर थाप मारली. "घावला चोर! वकीलच चोर निघाला की वो! लेकीच्या टाकीत हिरीचं पाणी..."

"आप्पासाहेब," मंदाकाकू दारातूनच म्हणाल्या, "तुमचा तो पाण्याचा कॅन. येताना भरून आणता, दोन कप चहा पिता, आणि जाताना तो मोकळा कसा असतो?"

आप्पांची थाप हवेतच राहिली. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण पुढचं इतकं हळू बोलला की मला वाकून ऐकावं लागलं. "व्हय... थोडं थोडं घालत होतो. सगळी आत गेल्यावर. पोरीची मासं बिचारी, ह्या गावात परकी. म्हटलं, आपल्याकडचं पाणी त्यांच्या तोंडाला लागू दे."

पूर्वा बघतच राहिली. निखिलनं तोंडावर हात ठेवला, पण खांदे हलत होते ते दिसत होते.

माझं काम संपलं नव्हतं. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यानं शेवाळ आलं, हे पटण्यासारखं होतं. पण शंख आणि कोळंबी आधी मरतात तेव्हा आम्हाला एकच शंका येते, तांब्याची. तांबं माणसाला चालतं, मासाही थोडंफार सोसतो, पण शंखाला आणि प्रवाळाला ते विष. पितळेच्या-तांब्याच्या वस्तूसुद्धा आम्ही टाकीजवळ येऊ देत नाही. मी बाटलीत टाकीचं थोडं पाणी घेतलं, तपासणीचे थेंब टाकले आणि हलवलं. पाण्याला निळसर रंग चढला.

"ह्यात तांबं आहे," मी म्हटलं. "साहेब, विहिरीत काही तांब्याचं पडलंय?"

"विहिरीत? छे. आणि माझा तांब्या स्टीलचा आहे."

"आप्पा, तुमचा पाइप?"

"पलास्टिकचा हाय. देवाशप्पत."

मग मागून आवाज आला. "सुनंदा, तांब्याच्या घागरीतलं पाणी चांगलं असतं ना गं?"

आम्ही सगळे वळलो. मंदाकाकूंचा चेहरा एवढासा झाला होता. देवपूजा झाली की घागरीत रात्रभर ठेवलेलं पाणी आधी देवाला, मग तुळशीला, आणि मग एक फुलपात्र टाकीला, असा त्यांचा नेम चालला होता. घागर रोज चिंचेनं लख्ख घासलेली. "म्हटलं, सूनबाईचा जीव त्यांच्यात आहे," त्या म्हणाल्या. "बरं पाणी मिळावं त्यांना. आपण पितो तसलं."

मला वाटलं, आता पूर्वा रडणार. ती खाली बसली, टाकीला टेकून, आणि तिचे डोळे भरले खरे, पण ती हसत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "मला वाटलं, टाकी कुणालाच नको आहे."

"नको कशी असेल गं?" काकू म्हणाल्या, आणि तिच्याशेजारी फरशीवर बसल्या.

वकिलांनी खाकरून घसा साफ केला. "सुनंदाबाई, ग्राहक मंचाचं मी जे बोललो, ते मागं घेतो."

बॅग आप्पांनीच उचलून आत नेऊन ठेवली.

मग त्याच दिवशी सगळं घर कामाला लागलं. टाकीतलं बरंच पाणी बदलावं लागणार होतं, त्यासाठी शुद्ध पाणी भरपूर हवं होतं, आणि नळ तर आला नव्हता. मी म्हटलं, "मशीनला पाणी आणायचं कुठनं?" वकीलसाहेब उठले, लुंगी खोचली आणि विहिरीवर गेले. त्यांनी आणि निखिलनं मिळून विहिरीचं पाणी ओढून मशीनला जोडलेल्या पिंपात भरलं. त्या वयात धापा टाकत होते, पण चेहरा असा की जणू खटला जिंकलाय.

"म्हणजे टाकीत पाणी आमच्या विहिरीचंच," ते म्हणाले.

"तुमच्याच विहिरीचं. गाळून."

आप्पांनी गाडीतला कॅन उचलून आणला. "मग ह्येबी त्यातच वता की."

मी ते ओतलं. मशीनच्या दुसऱ्या टोकाला थेंब थेंब पाणी पडायला लागलं. दोघे व्याही वाकून बघत होते. मी मीटर बुडवलं, शून्य. आप्पांनी विचारलं, "ह्यात निपाणीचं कुठलं आणि बेळगावचं कुठलं?"

"ते आता कुणालाच सांगता येणार न्हाय," मी म्हटलं.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मला वाटतं, दोघांचंही थोडं थोडं समाधान झालं आणि थोडी थोडी निराशा.

टाकी सावरायला बरेच आठवडे लागले. फिल्टरमध्ये तांबं शोषून घेणारी गादी घातली, पाणी पुन्हा पुन्हा बदललं. सगळं वाचलं नाही. एक सुंदर जांभळा प्रवाळ गेलाच, त्याची हळहळ मला आजही वाटते. पण तो छत्रीवाला एके दिवशी अंगावरची कात टाकावी तशी पातळ साल टाकून उघडला. पूर्वानं फोन केला तेव्हा मागून वकिलांचा आवाज येत होता, "त्यांना सांग, पूर्ण उघडलाय! कडेपर्यंत!" त्या दिवसापासून टाकीत पाणी घालायचं काम एकट्या पूर्वाचं, आणि इतर कुणी तांब्या, फुलपात्र किंवा कॅन घेऊन हॉलमधून गेलं तर वकील खुर्चीतून विचारायचे, "कुठं चालला?"

पुढच्या वर्षी त्या क्लाउन जोडीनं टाकीत ठेवलेल्या एका टाइलवर अंडी घातली. केशरी ठिपक्यांचा एक पुंजका. नर दिवसभर त्यांना पंखांनी वारा घालायचा. अंडी नर सांभाळतो हे कळल्यावर मंदाकाकूंनी वकिलांना बोलावून ते दोनदा दाखवलं. "बघा. शिका काहीतरी." ठिपक्यांत चिमुकले डोळे दिसायला लागले तसा काकूंचा उत्साह वाढला. त्यांनी बारशाचा दिवस ठरवला, घुगऱ्या भिजत घातल्या, मला बोलावणं केलं. निपाणीहून आप्पा निघाले.

मला मात्र माहीत होतं. अशी पिल्लं मोठ्या टाकीत जगत नाहीत. सुईच्या टोकाएवढा जीव, त्याला वेगळी टाकी आणि डोळ्यांना दिसणार नाही असलं जिवंत खाद्य लागतं. नाहीतर अंधारात बाहेर पडतात आणि सकाळपर्यंत फिल्टरमध्ये जातात. पूर्वानंही ते वाचलं होतं. तिनं मला फोनवर विचारलं, "आईंना कोण सांगणार?" आमच्यापैकी कुणीच सांगितलं नाही.

बारशाच्या सकाळी मी गेले तेव्हा टाइल स्वच्छ होती, कुणी पुसून घेतल्यासारखी. मंदाकाकू टाकीसमोर उभ्या होत्या. पूर्वा माझ्याकडं बघत होती, मी जमिनीकडं.

"सगळी कुठं गेली?" काकूंनी विचारलं.

वकीलसाहेबांनी पेपर खाली केला.

"मोठी झाली," ते म्हणाले. "गेली पुण्याला."

"सगळीच्या सगळी?"

"इथं काय आहे त्यांना? नोकऱ्या सगळ्या तिकडं."

काकूंनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, मग बराच वेळ टाइलकडं. "निदान घुगऱ्या खाऊन तरी जायचं," म्हणाल्या, आणि वाट्या आणायला आत गेल्या.